मांडीचं गाऱ्हाणं

शाळेत मी बाईंनी नाव घेऊन विचारल्याशिवाय तोंड उघडलं नाही, आणि आता लोकांच्या दारात उभं राहून प्रश्न विचारण्याचाच मला पगार मिळतो. काही मुलांची हाडं जन्मापासून ठिसूळ असतात. नुसतं पलंगावरून उतरतानाही मोडतात. त्यांना हाडं बळकट करणारं औषध सलाइनमधून वर्षानुवर्षं देतात. त्याने बरीच मोडतोड टळते. पण इतकी वर्षं घेतल्यावर त्या औषधाचाच काही त्रास होतो का, हे पाहण्यासाठी मुंबईचा एक दवाखाना या मुलांची सतत विचारपूस करतो. सिंधुदुर्गात ती विचारपूस म्हणजे मी आणि माझा फॉर्म.

आचऱ्याच्या एका घरात माझं काम पाहुणचारामुळे अडायचं.

"ताप आला होता?"

"नाय."

"पडली कुठे?"

"खंय! सगळा बरा आसा. चाय घेवा तुम्ही."

पहिल्या खेपेला हे संभाषण चाललं होतं, तेव्हा मुलगी हाताला प्लास्टर घालून माझ्या समोरच बसली होती. मी प्लास्टरकडे पाहिलं. आईनेही पाहिलं.

"ता औषधान नाय झाला," ती म्हणाली. "ता कोणाची दृष्ट लागान झाला. ता तुमच्या कागदार कित्या?"

कारण काहीही असो, घडलेलं सगळं लिहायचं असतं, कशाने झालं ते डॉक्टर ठरवतील, हे समजावता समजावता माझे दोन चहा झाले.

मुलगी नऊ वर्षांची. तिने मला पहिल्याच दिवशी ओळखलं.

"ताय, तुका मालवणी येता?"

"समजतं."

"मग बोलणंस नाय कित्या? तोंडात नारळ आसा?"

मी कुडाळात इंग्रजी शाळेत शिकले. माझी भाषा बिघडू नये म्हणून घरचे माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलायचे. आपापसात भांडायचे मात्र मालवणीत, त्यामुळे मालवणीतला उत्तम भाग मला ऐकून पाठ होता. हे तिला सांगितलं नाही. मी कुणाला फारसं काही सांगत नाही, त्यापेक्षा बघते.

त्या नोव्हेंबरात गेले तेव्हा मी तिच्या चपला बघितल्या. उजवी एका कडेला जास्त झिजली होती. मग ती खळ्यातून, म्हणजे अंगणातून, ओट्यावर चढली ती डाव्या पायावर भार टाकून, खांबाला धरून. बसल्यावर तळवा उजव्या मांडीवर दाबून ठेवला, जसं कुणी बोलक्या मुलाचं तोंड दाबून धरतं.

माझ्या फॉर्मवर मांडीचा वेगळा प्रश्न आहे. हे औषध फार वर्षं घेतलेल्यांत क्वचित मांडीच्या हाडाला बारीक भेग पडते. आधी नुसतं ठणकतं. तेव्हा कळलं तर विश्रांतीने सांभाळता येतं. नाही कळलं तर हाड एक दिवस चालता चालता मोडतं.

"मांडी दुखते?"

"नाय."

"थोडीशी?"

"नाय म्हटलंय मां!" मग आई चहा आणायला आत गेल्यावर ती कुजबुजली, "ताय, गॅदरिंगात मी संकासूर आसंय. गेल्या वर्षी प्लास्टर घालून खुर्चेर बसान बघलंय. आवशीक काय बोललंस तर बघ."

संकासूर म्हणजे दशावतारातला तो काळ्या कपड्यांतला, लांब लाल जीभ लोंबवणारा राक्षस. तो सगळ्यांची टर उडवतो आणि सारखा उड्या मारतो. उड्या! आईला विचारलं तर तिचं ठरलेलं, "सगळा बरा आसा." फॉर्ममध्ये मी काय पाहिलं यासाठी रकाना नव्हता, आणि तीन दिवसांनी पुढचं सलाइन होतं.

त्या घरात सलाइनला जाण्याआधी तुळशीपुढे नारळ ठेवून आजोबा गाऱ्हाणं घालत. एकेक मागणं देवापुढे मोठ्याने मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या दिवशी मी मुद्दाम सकाळीच तिथे पोचले, तर आजोबांचा घसा खोकून बसला होता.

"गो बाय, तू घाल," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "औषधाची मानकरीण तू."

मुलगी फसकन हसली. "ही? हिच्या तोंडात नारळ आसा!"

मी तुळशीपुढे उभी राहिले. कान तापले होते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकराक दवाखान्यात न्हेतत, ता काम सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज तिचाच. माझी मालवणी ऐकून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"वाटेत आडवो-उभो कोण येयत, तेका बाजूक सार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या चेडवाची उजवी मांडी जी दुखता, आणि जी ता लपयता..."

"व्हय म्हाराजा!"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, पण 'व्हय' म्हणून झालं होतं. आई वळून तिच्याकडे बघायला लागली. आजोबा खोकले की हसले कळलं नाही.

"देवाफुडे बोललंस, बाय," ते तिला म्हणाले. "आता मागे घेवक येवचा नाय."

एक्स-रेत केसासारखी रेघ निघाली. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी सलाइन थांबवलं आणि तिला सक्तीने बसवून ठेवलं. संकासूर हातचा गेला.

दोन आठवड्यांनी गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. ताप आला होता का विचारलं, तर तिने चादर डोक्यावर ओढली. मी पेन ठेवलं आणि गप्प बसले. ते मला चांगलं जमतं.

शेवटी ती उठून बसली. हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

आजोबा आणि आई जिथे होती तिथून म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"ही जी बाय आमच्याकडे येता, हिणा माका फसवल्यान..."

"व्हय म्हाराजा!" यात मीही होते. खरंच होतं ते.

"...तर गॅदरिंगाक माझ्या बदल्यात हिणाच संकासूर होवन नाचाचा..."

"व्हय म्हाराजा!"

तिने एक डोळा उघडला. "बोललंस!"

मी बोलले होते. सवयीने, सगळ्यांबरोबर, मोठ्याने.

जानेवारीत शाळेच्या पटांगणावर मी काळा बुरखा चढवला. त्याची लाल जीभ तिने पडल्या पडल्या शिवली होती. समोर अख्खा गाव होता, आणि स्टेजच्या कडेला खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून, ती माइक धरून संकासुराची वाक्यं माझ्या वतीने बोलत होती. मधेच तिने माइकवर हात न ठेवताच मला सांगितलं, "ताय, उडी मार गो! तुझी मांडी दुखणा नाय मां?"