तिंद्राची पंचविशी

माझ्या भावाची, होल्गेरची, मुलगी तिंद्रा पंधराव्या वर्षी एकटी असली की आमच्या चर्चमधल्या पाद्रीबाईंसारखी जपून गाडी चालवायची. गाडी म्हणजे आमच्या देशात त्या वयाच्या पोरांना कायद्याने चालवता येते ती, ताशी तीस किलोमीटरच्या वर न जाणारी जुनी मोटार, पुढे दोनच सीटा आणि मागे लाल त्रिकोण लावलेली. पण दोन मैत्रिणी आत बसल्या की तिच्या अंगात यायचं.

मार्च संपताना तिघी गाडी घेऊन गोठलेल्या तळ्यावर गेल्या. काठापासून वीस पावलांवर बर्फ खचला. पाणी गुडघाभर होतं म्हणून निभावलं. होल्गेर शिडी घेऊन पोचला तेव्हा तिघी टपावर बसून दालचिनीचे बन खात होत्या.

"विचार केला होतास का गं?"

"केला ना, बाबा."

"कधी?"

"आत्ता. टपावर बसल्यावर."

शाळेच्या नर्सबाईंनी त्याला समजावलं, "या वयात मेंदूतली हौस आधी जागी होते. आवर घालणारा भाग, कपाळामागचा, सावकाश तयार होतो. पंचविशीपर्यंत त्याचं काम चालतं. त्यात मैत्रिणी बघत असल्या की हौसेला आणखी जोर चढतो."

"तोवर मी काय करू?"

"गाडीत मैत्रिणींना बसू देऊ नका."

होल्गेरने घरी येऊन गाडीतली तिच्या शेजारची सीटच उपटली. दुसऱ्या दिवशी एक मैत्रीण त्या जागी बागेतली खुर्ची टाकून बसली, दुसरी तिच्या मांडीवर.

एकोणिसाव्या वर्षी तिंद्राने एकाच उन्हाळ्यात तीन नोकऱ्या सोडल्या, प्रत्येक एकेका वाक्यात. त्यातलं एक वाक्य मला लिहिता येणार नाही. पुढे ती केस कापायला शिकली. होल्गेर मात्र तिच्या पंचविसाव्या वाढदिवसाची, पोस्टाने पार्सल यायचं असावं तशी वाट बघत होता.

ती चोवीस वर्षांची असताना मी एकदा तिच्या सलूनमध्ये डोक्याला रंग लावून बसले होते. माल्टे आत आला. याने दोन वर्षांपूर्वी फोनवर चार शब्द पाठवून तिला सोडलं होतं.

"उद्या लग्न आहे माझं," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठेच जागा नाही. चालेल ना तुला?"

"बस."

तिने मशीन सुरू करून त्याच्या कपाळाशी नेलं. तिचे कान लालबुंद झाले होते. मी डोळे मिटले.

मशीन बंद झालं. तिंद्रा मागे गेली, नळाचं पाणी प्याली आणि परत येऊन तिने अर्धा तास मन लावून त्याचे केस कापले. इतका देखणा तो कधीच दिसला नव्हता.

तो गेल्यावर मी विचारलं, "काय चाललं होतं गं मनात?"

"कपाळापासून मानेपर्यंत एक पट्टा मारणार होते, आत्या."

"मग?"

"मग उद्याच्या लग्नाचा फोटो डोळ्यांपुढे आला, त्यात त्याच्या शेजारी नवरी उभी दिसली. तिने माझं काय केलंय?"

संध्याकाळी मी होल्गेरला सगळं सांगितलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कॉफीचा कप खाली ठेवून चष्मा पुसत बसला. मला वाटलं, त्याला भरून आलंय.

"मी असतो तर," तो शेवटी म्हणाला, "भुवयासुद्धा ठेवल्या नसत्या."