अठरा वर्षांचं नवंकोरं रबर

हसा खुशाल, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. कारण या माझ्या शहाणपणापायी एका पाळकसाहेबांचा जीव जाता जाता राहिला!

मी इतिहासाचा मास्तर. राहायला सावेडीत. वडिलांची जुनी जीप अजून चालवतो. गेल्या हिवाळ्यात कपाट आवरताना ब्रेकच्या पंपातली रबरं सापडली. वडिलांनी अठरा वर्षांपूर्वी घेतलेली, पाकिटंही न फोडलेली! ब्रेक जरा मऊ लागतच होता. गेलो आमच्या इस्माईलभाई मेकॅनिककडे.

“एकदाही वापरलेलं नाही, भाई. नवंकोरं!”

“सर, रबर न वापरता बी म्हातारं हुतं. नुसतं पडून कडक हुतं. मी न्हाई बसवनार.”

आता मला सांगा, किल्ल्यांवरच्या तोफा शेकडो वर्षं जागच्या हलल्या नाहीत, आणि रबर अठरा वर्षांत म्हातारं? मला रागच आला. सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ बघत स्वतःच बसवलं. दारातल्या दारात चार वेळा ब्रेक दाबला. झकास!

त्याच आठवड्यात शनिवारी पाथर्डीजवळच्या एका गावात लग्न होतं. लावणारे आमच्या चर्चचे पाळकसाहेब. मीच म्हणालो, “साहेब, एसटीनं कशाला? माझ्या जीपमधून चला की!”

करंजीचा घाट उतरायला लागलो. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला! पुन्हा दाबला. पुन्हा तळाला. चिखलात पाय घातल्यासारखा.

साहेब शेजारी लग्नाचा उपदेश पुटपुटत होते. सांगू कसं? मी खालचा गिअर टाकला. इंजिन किंचाळलं.

“मास्तर, गाडी का ओरडतेय?”

“उतार आहे ना, साहेब.”

“आणि तुम्हाला एवढा घाम?”

“ऊन फार आहे.”

“डिसेंबरात?”

मी उत्तर देणार तेवढ्यात पुढचं वळण आलं. समोर ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर! ट्रॉलीत बोचकी, भांडी, वर लेकरं घेऊन बसलेल्या बाया. ओलांडून जावं, तर समोरून एसटी वर चढत होती. अंतर कमी होत चाललं. एक लेकरू माझ्याकडे बघून हात हलवत होतं, हो!

“साहेब, ब्रेक गेला! घट्ट धरा!”

मला वाटलं, साहेब प्रार्थना सुरू करतील. त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला! मी स्टिअरिंग डोंगराकडे पिळलं. तिथं रस्त्याच्या कामाच्या खडीचा ढीग होता. जीप त्यावर चढली, वाकडी झाली आणि थांबली.

धुरळा. जळका वास.

ट्रॅक्टर थांबला. एक बाई धावत आली. “लागलं का वं कुनाला?”

नव्हतं लागलं. मी स्टिअरिंग धरून तसाच बसलो होतो. साहेब मात्र कोट झटकून ट्रॉलीत बोचक्यांवर जाऊन बसले. लग्न तासभर उशिरा लागलं, पण लागलं.

मी इस्माईलभाईंना फोन केला. ते आले, तिथंच पंप खोलला. रबर त्यांच्या बोटांत शिळ्या खारीसारखं चुरलं. ते रागावले नाहीत. फक्त एवढंच विचारलं, “सर, आसलं आजून कुनाला दिलंय का?”

आणि तेव्हा मला आठवलं. कपाटात पाकिटं दोन होती. दुसरं मी मोठ्या मनानं मिरजगावला सासऱ्यांना दिलं होतं. त्यांचीही तसलीच जीप!

फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला.

“मामा, कुठं आहात?”

“रस्त्यानं चाललोय की. जीप घिऊन.”

“थांबा! हळूच बाजूला घ्या! ते मी दिलेलं रबर…”

“ते व्हय? ते मी तवाच उकिरड्यावर टाकलं. इतक्या वरसांचं रबर कुनी ब्रेकला लावतं का?”

“अहो, मग मला का नाही सांगितलंत?”



“आवो पावनं, जावयाला तोंडावर येडा कसं म्हनायचं?”