वरातीच्या गाडीखालचा दगड

मंचरला माझं गॅरेज आहे. वरातीला भाड्यानं जाणारी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी माझ्याकडे येते. तिचा गिअर स्टिअरिंगजवळ आहे. त्याचा खालचा रॉड सैल झालाय. वर काटा पार्किंग दाखवतो, आत गिअर बसतच नाही, चाकं मोकळीच राहतात. मालकाला सांगितलं, तर म्हणाला, "लग्नसराई उरकू द्या राव. चाकाखाली दगड लावतोय ना."

आज खोडदला त्याच गाडीच्या वरातीत मी होतो. गाडी उतारावर थांबलेली. फोटोत दगड दिसतो म्हणून नवरदेवाच्या मामानं तो काढला. गाडी सुटली. पुढं ताशा वाजवणाऱ्या काकांना आमचं ओरडणं ऐकूच गेलं नाही, गाडी त्यांच्या पायावरून गेली. डॉक्टर म्हणतात, पाय काढावा लागेल.

मघाशी मालकाचा फोन आला. "परवा आळ्याला लग्न हाये. तेवढा रॉड लावून द्या."

रॉड लावला, तर पोलिसांनी गाडी बघायच्या आधीच पुरावा पुसला जाणार. नाही म्हटलं, तर तो पुन्हा दगडाच्या भरवशावरच गाडी नेणार. तुम्ही सांगा, काय करू?