न फेडायची उचल

हसा, पण चहा सांडू नका! पुण्यात जाऊन मी जी शोभा करून घेतली, ती अजूनही वडवणीच्या बाजारात माझ्याआधी पोचते.

मी ऊसतोडीचा मुकादम. हंगामाआधी सहकारी कारखान्याकडून पैसे आणायचे, तोडणीच्या जोडप्यांना आगाऊ उचल द्यायची आणि ती कामातून फिटेपर्यंत माणूस टोळीतून हलू द्यायचा नाही, हा आपला धंदा. त्या साली दुष्काळानं तेलगावकडं उसाचं टिपरू ठेवलं नव्हतं. आणि नेमकी तेव्हाच माझी लेक प्रज्ञा पुण्यात रसायनशास्त्राच्या पीएचडीला लागली. फी कुठून आणायची या घोरात मी, तर तिचा फोन.

"आबा, फी माफ हाय. उलट मलाच दर महिन्याला पैसे मिळत्यात. पाच वर्षं!"

शिकणाऱ्यालाच पैसे? मी सावध झालो.

"सही कुणाची लागती गं?"

"सरांची. हजेरीबी तेच बघत्यात."

"जयंतीला घरी येतीस ना?"

"न्हाई जमायचं आबा. प्रयोग अर्ध्यावर हाय. सर न्हाई सोडायचे."

आता तुम्हीच सांगा! पैसे तोच देणार, हजेरी तोच घेणार, घरीही सोडणार नाही. हे मला कुणी शिकवायचं? पोरीनं उचल घेतली होती! मुकादमाची लेक, आणि दुसऱ्याच्या टोळीत! मला घास गोड लागेना.

ट्रॅक्टरसाठी साठवलेले पैसे पिशवीत घातले, टोळीतला सखाराम साक्षीला घेतला आणि थेट पुण्यात सरांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

"साहेब, पोरगी मोकळी करा. उचल किती झाली, बोला!"

सर चष्मा काढून बघायला लागले. "कसली उचल?"

"लपवू नका. मीबी याच धंद्यातला हाय!"

त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. "अहो, ही शिष्यवृत्ती आहे. सरकार देतं, मी फक्त सही करतो. देशभरातली मुलं परीक्षेला बसली होती, त्यातून प्रज्ञा निवडली गेली. ही तिची कमाई. फेडायची नसते."

"अन् ती मधीच निघून गेली तर?"

"तर मीच अडचणीत येईन. इतक्या बारकाईनं काम करणारं माझ्याकडे दुसरं कोणी नाही."

तेवढ्यात पांढरा कोट घातलेली प्रज्ञा दारात. "आबा! तुमी हितं?"

मी पिशवी मांडीखाली सरकवली. पण खरं सांगतो, लाज वाटत होती आणि छाती लई फुगली होती. परत येताना एसटीत कंडक्टरपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना सांगितलं, सरकार माझ्या लेकीला शिकायचा पगार देतं!

चूक एकच झाली. सखाराम सगळं ऐकत होता.

पुढच्या हंगामाआधी उचल वाटायला बसलो. सगळ्यात आधी सखारामचीच बायको पुढं आली. पैसे मोजून घेतले, कनवटीला लावले आणि सगळ्या टोळीसमोर म्हणाली, "मुकादम, यंदाची उचल प्रज्ञाताईसारखी धरायची बरं का. न फेडायची!"

अख्खी टोळी हसली. अन् मी वहीत डोकं घालून हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागलो.