तलवार नव्हती, सळई होती

मंडळी, पंचवटीतल्या सायबर कॅफेतून लिहितोय. एका हातानं टाइप करतोय, दुसऱ्यानं गालावर बर्फ धरलाय. चुका सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी बंदच्या दिवशी झेरॉक्सचं दुकान उघडं ठेवलं म्हणून आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं माझ्याच शटरची सळई माझ्या तोंडावर हाणली. तीन दात गेले. रक्तानं भिजलेल्या शर्टावर चौकीत गेलो, तर 'आपसात मिटवा' म्हणून हाकललं.

काल त्यानं आपल्या सत्ताधारी पक्षाशी बंडखोरी करून नगरसेवकपदाचा अर्ज भरला. आज सकाळी हवालदार स्वतः मला न्यायला आला! चौकीत खुर्ची, चहा आणि माझा जबाब टाइप करून तयार. त्यात काय, तर परवा त्यानं माझ्यावर तलवार चालवली.

मी फौजदारांना म्हटलं, "साहेब, तलवार नव्हती, सळई होती. परवा नाही, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा तुम्ही मला हाकललंत, तेही लिहा. लगेच सही करतो."

त्यांनी कानाखाली वाजवली. त्याच बाजूला. चौथा दात चहाच्या कपात पडला.

घरी बायको भडकली, "दोन वर्षं ज्याला शिव्या घातल्या, त्याच्यासाठी मार खाल्लात?"

त्याच्यासाठी कसला! तो जेलात सडावा असं माझ्याइतकं कुणाला वाटत असेल? पण सळईसाठी सडावा. त्या जबाबात तलवार आधीच तयार होती, नाव कुणाचंही भरता आलं असतं.

उद्या तिथं तुमचं नाव असलं आणि सहीला मला बोलावलं, तर काय करू?