रक्ताला रक्त

माझ्या काकांचा मला अजून राग येतो. माणूस गेला, राग गेला नाही.

काका सोलापुरात आमच्या समाजातली लग्नं जुळवायचे. पाहुणे आले की आधी गोत्र, मग चहा. दोन्हीकडचं गोत्र एकच निघालं की सोन्यासारखं स्थळही परत. "रक्ताला रक्त लावलं की पोरं अधू निपजत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि याच माणसानं घरच्या कुत्रीला तिच्याच पोटच्या पिल्लाकडून गाभण करवलं!

होटगीच्या एका रेल्वे गार्डानं बदलीच्या वेळी ती टेरियर आम्हाला दिली होती. मांजरापेक्षा जरा मोठी, पांढरी, एका कानावर तांबूस डाग. बाजारपेठेतल्या प्रत्येकाला तिचं पिल्लू हवं होतं आणि काकांना मोठेपणा हवा होता. पहिल्या वेतातला एक कुत्रा त्यांनी घरी ठेवला. मग ती माजावर आली रे आली की दोघांना मागच्या खोलीत कोंडायचे. "भायेरचा कुत्रा आणला तर जात बिघडती," म्हणायचे. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. एखादी खेप तरी तिला मोकळी सोडा, असं मी किती सांगितलं! पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या वेताची पिल्लं टाळू फाटलेली जन्मली. प्यालेलं दूध नाकातून बाहेर यायचं. सगळी गेली. ती रिकामं पोतं चाटत बसायची. काकांनी खापर फोडलं काकूवर. "कुत्री गाभण, अन् गिराण लागलं असताना भाजी चिरलीस की तू!" काकू बिचारी विळी उचलून आत गेली. मला तर त्या विळीनं काकांचीच जीभ चिरावीशी वाटली.

कुत्री पुन्हा माजावर आली त्याच दिवशी माढ्याचे पाहुणे बैठकीत होते. गोत्र एकच निघालं म्हणून काका स्थळ नाकारत होते. "रक्ताला रक्त..." त्यांनी सुरू केलं आणि माझा तोल सुटला.

"मागच्या खोलीत बघा," मी पाहुण्यांना म्हणाले. "यांच्या घरात आईचं लग्न मुलाशी लावतात."

चहाचे कप तसेच राहिले. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पाप केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुत्रा मैंदर्गीच्या शेतावर धाडला. कुत्रीसाठी नव्हे, लोकांत छी-थू होईल म्हणून.

ती सुटली. पण काही दिवस दारात बसून त्याची वाट बघायची. काका जाता-येता मला ऐकवायचे, "बघ, तुज्यापायी मायलेकरांची ताटातूट झाली."