अ‍ॅव्हरेज वाढवायच्या नादात

आमच्या पोराला गाडीच्या अ‍ॅव्हरेजनं पछाडलं आणि धाकधूक सुरू झाली माझ्या छातीत.

गाडी म्हणजे एका ठेकेदाराकडनं जुनी घेतलेली भली दांडगी सात सीटर. डिझेल अशी पिते की बघणाऱ्याला घाम फुटावा. लग्नसराईत भाड्यानं फिरवू म्हणून घेतली, आणि नेमक्या त्याच साली माझ्या किडन्यांनी मान टाकली. तेव्हापासनं सोमवार, बुधवार, शुक्रवार शेवगावहून नगरला डायलिसिस. एसटीनं जाता येईल हो, पण मशीनवरनं उठल्यावर पायात बळ राहत नाही, येताना आडवंच व्हावं लागतं. झालं, लग्नाची भाडी बुडाली आणि गाडीला कायमचं गिऱ्हाईक मिळालं ते मी.

मग पोरगं मोबाईलवर बघून बघून शहाणं झालं. आधी टपावरचं कॅरिअर काढलं, म्हणे वारं अडतं. मग पुढचं लोखंडी गार्ड काढलं. सगळा रुबाब त्या गार्डचा होता, पण म्हणे फुकटचं वजन कशाला वागवायचं? अगदी मागचं सीट काढून पडवीत ठेवलं, त्यावर आता मांजर झोपतं. एसी बंद. गाडी जरा थांबली की इंजिन बंद. रस्त्यात कुणाच्या म्हशी आडव्या आल्या तरी हा चावी फिरवणार आणि शेवटची म्हैस रमतगमत पलीकडं जाईस्तोवर आम्ही घाम पुसत बसणार. मी लई शिव्या घातल्या, पण ऐकेल तर शपथ.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी भरलेली जोखायची, रिकामी जोखायची, मधला फरक तो माल. त्यामुळं वजन मला कुणी शिकवायला नको. गाडीतनं एकेक सामान उतरत गेलं तसं मी मनात जोखायला लागलो, आता आत राहिलं काय? इंजिन राहिलं, चालवणारा राहिला, आणि मी राहिलो. त्यात दवाखान्यात मशीनवर घ्यायच्या आधी मलाच काट्यावर उभं करतात. सिस्टर काटा बघून म्हणायची, बाबा, पाणी जास्त झालं वाटतं. शेजारी पोरगं मान वाकवून आकडा बघायचं. माझ्या काळजीनंच बघत असणार, कळत होतं मला, तरी वाटायचं, हाही मलाच जोखतोय. मी पाणी पिणं आणखी कमी केलं. हा एक दिवस कंटाळणार, आणि कंटाळलाय हे बोलणारसुद्धा नाही, ही मोठी भीती. मी आहे बडबड्या. आमचं पोरगं आईवर गेलंय, तोंडातनं शब्द काढायचं नाही.

एका सोमवारी त्यानं स्टेपनी उतरवली. जॅकसुद्धा. मी तडकलो. तर म्हणे टायर नवीन हायेत, रस्ता बी चांगला झालाय, काय होतंय?

त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं. स्टेपनीनंतर उतरवण्यासारखं मीच उरलो होतो. कुणी उतरवायच्या आधी आपणच उतरावं. शुक्रवारची फेरी बंद करायची. डायलिसिस चुकवलं की पाणी छातीत चढतं, दम कोंडतो, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. तरी ठरवलं, बुधवारी येताना सांगून टाकायचं.

बुधवारी जातानाच तिसगाव सोडलं आणि मागचं चाक बसलं. पोरगं खाली उतरलं, सवयीनं मागचा दरवाजा उघडला आणि रिकाम्या जागेकडं बघत उभं राहिलं. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. त्यानं काचा वर केल्या आणि माझ्यासाठी एसी लावला. मी म्हणालो, बंद कर, डिझेल जळतंय. त्यानं ऐकलंच नाही. मशीनची वेळ चुकली की नंबर दुसऱ्याला जातो. फोनवर फोन चालले होते, गावातलं कुणी जवळपास नव्हतं. शेवटी एक दुधाचा टेम्पो येताना दिसला, तसा हा दोन्ही हात पसरून सरळ रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. टेम्पोवाल्यानं शिवी हासडून ब्रेक मारला. पोरानं मला उचललं, त्याच्या शेजारी बसवलं आणि स्वतः मागं दुधाच्या कॅनांच्या गर्दीत चढला. नंबर मिळाला.

मशीनवर पडल्या पडल्या मी ते वाक्य घोकत होतो. शुक्रवारी मला नेऊ नकोस. एवढंच.

संध्याकाळी गावातला एक जण पिकअपमध्ये आमची स्टेपनी आणि जॅक घालून दवाखान्यात आला. त्याच्याच पिकअपनं आम्ही परत निघालो. घाट उतरून गाडीपाशी पोचलो, तर घरघर ऐकू आली. आमची गाडी चालू होती.

समोरचा रसवंतीवाला लगबगीनं आला. "सकाळधरनं चालूच हाय. आत कुनी ऱ्हायलंय का म्हनून वाकून बघितलं, तर कुनीच न्हाई. लोकाच्या गाडीला हात कसा लावायचा, म्हनून राखत बसलो."

चावी गाडीलाच. दरवाजा नुसता लोटलेला. एसी चालू, डिझेलची सुई तळाला टेकलेली. म्हशीपुढं इंजिन बंद करणारा हा माणूस. पोरानं वाकून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"ध्यानातच न्हाई ऱ्हायलं, आबा," तो म्हणाला. "तुमचा नंबर जाईल एवढंच डोक्यात हुतं."

मी तोंड फिरवून रसवंतीच्या चरकाकडं बघत राहिलो. त्यानं चाक बदललं, पंक्चर झालेलं मागं टाकलं, मला मधल्या सीटवर आडवं केलं. घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं.

"शुक्रवारी," मी म्हणालो.

"काय?"

"शुक्रवारी जरा लवकर निघू. आन् स्टेपनी गाडीतच ऱ्हाऊ दे."